पायाखालची वाट : दरेकसाच्या डोंगरातले तीन शोध

मराठीत वाट 'माहीत असणे' आणि वाट 'पायाखालची असणे' या दोन भिन्न गोष्टी आहेत. माहिती ऐकून मिळते, वाचून मिळते, नकाशा पाहूनही मिळते. वाट पायाखालची व्हायची तर मात्र ती निदान एकदा चालावी लागते. पाणी कुठे आहे, चढ कुठे दमवतो, रात्र कुठे काढता येईल, हे पायांना कळावे लागते. लष्कर हलण्यापूर्वी, रूळ पडण्यापूर्वी, यात्रा भरण्यापूर्वी कोणीतरी ती वाट पायाखाली घातलेली असते. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र पोहोचणाऱ्यांची नावे असतात; वाट पाहून येणाऱ्यांची क्वचितच. आपल्या भाषेत 'वाट पाहणे' याचा रूढ अर्थ प्रतीक्षा करणे असा होऊन बसला आहे; प्रस्तुत लेखात तो वाचकांनी शब्दशः घ्यावा. गोंदिया जिल्ह्यातील एका लहानशा डोंगराळ पट्ट्याच्या निमित्ताने आम्ही या वाट पाहणाऱ्यांचा विचार करू इच्छितो.

हा विषय साहित्याच्या अभ्यासकांना परका वाटण्याचे कारण नाही. वाट आणि मजकूर यांचे नाते फार जवळचे आहे. कधी वाट चालून झाल्यावर मजकूर लिहिला जातो, तर कधी मजकूर आधी असतो आणि वाट मागाहून निघते. दुसऱ्या प्रकाराचे एक दूरचे उदाहरण पाहू. उत्तर इंग्लंडात पेनाइन नावाची डोंगररांग आहे. तिच्या माथ्यावर ओल्या, काळ्या मातीची, झाडोरा नसलेली, वाऱ्याने झोडपलेली माळराने मैलोन्मैल पसरली आहेत. २०१२ पासून दर जानेवारीत तेथे २६८ मैलांची पायी शर्यत होते. जाणते स्पर्धक आधीच येऊन एकेक टप्पा चालून जातात, कारण हिवाळ्यातील लांबलचक रात्री, धुक्यात आणि बर्फात, डोळ्यांपेक्षा पायांची आठवण अधिक कामाला येते. ही शर्यत ज्या पाऊलवाटेवर होते ती वाट मात्र प्रथम कागदावर जन्मली. टॉम स्टीफन्सन या पत्रकाराने १९३५ मध्ये एका वृत्तपत्रात लेख लिहून अशा अखंड पाऊलवाटेची मागणी केली. ती रीतसर खुली झाली १९६५ मध्ये. आधी मजकूर, मग तीस वर्षांची खटपट, मग वाट.

मजकुरातून वाट निघण्याचा असाच एक प्रकार आपल्याकडे सालेकसा तालुक्यात घडला. फरक इतकाच की तेथला मजकूर मुळात लिहिलेला नव्हता, गायलेला होता.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. धानाची बांधी, कोहळ्यांनी बांधलेले तलाव आणि वैनगंगेला मिळणाऱ्या लहानमोठ्या नद्या ही त्याची सपाटीवरची ओळख. पूर्वेकडे सालेकसा आणि देवरी या तालुक्यांत जमीन उठू लागते आणि मैकल डोंगररांगेचे फाटे छत्तीसगडच्या सीमेवर आडवे येतात. मैदानी विदर्भ आणि छत्तीसगड ही दोन्ही भाताची खोरी. त्यांच्यामधली ही डोंगरांची आणि रानाची भिंत. या मुलखात चालण्याचा ऋतू ठरलेला आहे. पावसाळ्यात नाले आडवे येतात आणि चिखल पाय धरतो; उन्हाळ्यात पाणी आटते. उरतो तो कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा काळ. लष्करी मोहिमा दसऱ्यानंतर निघत, बंजाऱ्यांचे तांडे धान्य लादलेले बैल घेऊन याच दिवसांत चालत, आणि पुढे साहेबांचे तंबूही याच दिवसांत पडू लागले. भिंत ओलांडायला मुख्यतः दोन जागा होत्या. दक्षिणेकडे साकोली-देवरीवरून रायपूरकडे जाणारा मोठा रस्ता; आजचा राष्ट्रीय महामार्गही साधारण त्याच अंगाने जातो. उत्तरेकडे सालेकसा-दरेकसाची खिंड. आम्हांला या दुसऱ्या जागेविषयी बोलायचे आहे.

दरेकसाच्या या डोंगरात शोध घेणारे पहिले लोक, निदान कागदोपत्री, रेल्वेचे होते. मुंबईहून येणारी रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली होती. त्यापुढे छत्तीसगडचे धान्य बैलांच्या पाठीवरूनच येई. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर एका प्रदेशातले धान्य दुसऱ्या प्रदेशात वेगाने नेण्याची निकड सरकारला जाणवली, आणि नागपूर ते राजनांदगाव हा मीटरमापी मार्ग १८८०–८२ या काळात खुला झाला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंदमापी केला, पुढे वाढवला, आणि मुंबई-कलकत्ता या प्रमुख मार्गाचा तो भाग झाला.

रेल्वेची वाट पाहणारा माणूस डोंगराकडे ज्या दृष्टीने पाहतो ती दृष्टी समजून घेण्यासारखी आहे. त्याला शिखराशी कर्तव्य नसते. बैल जो चढ सहज चढतो तो इंजिनाला चढत नाही. शंभर फुटांत फूट-दीड फुटाहून अधिक चढ आला की गाडी हटून बसते. म्हणून तो नाल्याच्या काठाने वर जातो, पाणलोटाची रेषा सर्वांत खाली कुठे वाकली आहे ते शोधतो, खडक कोणता आहे, भराव किती, मोरी किती, बोगदा टळतो की नाही, याचा हिशेब मांडतो. आधी नुसती चालून पाहणी, मग साखळी आणि दुर्बीण घेऊन दोन-तीन पर्यायी रेषांचे मापन, मग खुंट्या. आमगाव, सालेकसा, दरेकसा, बोरतलाव, पानियाजोब, डोंगरगड ही आजच्या स्थानकांची ओळ म्हणजे त्या हिशेबाचे उत्तर होय. डोंगराने त्या उत्तरात थोडी सूट घेतलीच. दरेकसाजवळ बोगदा खणावा लागला.

पण अशी खिंड कोणा अभियंत्याने शून्यातून शोधली असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्या काळी सरकारी पाहणीचा रिवाज असा की गावचा कोतवाल किंवा एखादा जाणता माणूस साहेबाला पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोहोचवी. तेथे पुढच्या गावचा माणूस उभा असे. डोंगर कुठे उतरतो हे लाकूड, मोह आणि मध गोळा करणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. दुर्बीण साहेबाची होती, वाट वाटाड्याची होती. अहवालात उंची, अंतर आणि खर्च आला. वाटाड्या आला नाही. या घटनेत कोणा एका व्यक्तीचा दुष्टावा पाहण्याची गरज नाही. अहवाल या लेखनप्रकारातच त्याला जागा नव्हती. लेखनप्रकार काय आठवायचे आणि काय विसरायचे हे ठरवतात, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

दुसरा शोध याच्याही आधी, नागपुरात सुरू झाला होता. मात्र तो दरेकसाचा शोध आहे हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. धर्मप्रसाराबरोबर त्यांनी या प्रदेशातील खडक, जीवाश्म, शिळावर्तुळे आणि जमाती यांचा अभ्यास केला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी शिळावर्तुळांचे उत्खनन पाहून परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या मागे राहिलेली हस्तलिखिते मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत एका परधान गायकाकडून उतरून घेतलेले लिंगोचे दीर्घ गीत होते. मूळ गोंडी रोमन लिपीत आणि सोबत इंग्रजी भाषांतर. पुस्तकाच्या शीर्षकपानावर हिस्लॉप आहेत, टेंपल आहेत; ज्याच्या कंठात ते गीत होते तो नाही. रेल्वेच्या अहवालातील वाटाड्याचाच हा भाऊ.

गीताची कथा थोडक्यात अशी. महादेव गोंडांवर रुष्ट होतो आणि त्यांना गुहेत कोंडून तिच्या तोंडावर प्रचंड शिळा लावतो. चौघे तेवढे निसटतात आणि काचीकोपा लोहागड या ठिकाणी, तांबड्या डोंगरांतल्या लोखंडाच्या दरीत, आश्रय घेतात. लिंगो त्यांना भेटतो, शेती आणि रीतभात शिकवतो. तेच त्याला मारतात. तो पुन्हा जिवंत होतो आणि तरीही त्यांच्याच बांधवांच्या सुटकेसाठी निघतो. खडतर तप, महादेवाने घातलेली अट, बिंदो पक्ष्याची पिल्ले, शिळा सरकणे, आणि मग सुटलेल्या माणसांना घेऊन पुराच्या पाण्यातून परतीची वाट. शेवटी कुळांची आणि देवांची व्यवस्था लावून लिंगो दिसेनासा होतो.

या गीताचे पुढे काय झाले तेही पाहावे. १८७१ मध्ये फॉर्सिथ यांनी मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील आपल्या पुस्तकात त्याचे लाँगफेलोच्या 'हायावाथा'च्या छंदात पद्यरूपांतर केले. मानवशास्त्रज्ञांनी त्यात कुळांच्या रचनेचा पुरावा शोधला. हाइमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांवरील १९४८ च्या ग्रंथात परधानांकडून ऐकलेली, तपशिलांत निराळी अशी कथापरंपरा नोंदवली. लिंगोच्या गीतात एक प्रवास आहे हे सर्वांना दिसले. पण ते वाटेचे वर्णन म्हणून वाचावे, त्यातली दरी आणि गुहा जमिनीवर कुठे असेल हे चालून पाहावे, ही निकड ज्यांची ती कथा होती त्यांनाच वाटली.

हा तिसरा शोध १९८० च्या दशकातला. नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करून गोंडी भाषा आणि संस्कृती यांचा ध्यास घेतलेले मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५), 'गोंडवाना दर्शन' मासिकाचे संपादक सुन्हेरसिंह ताराम आणि त्यांचे सहकारी यांनी लिंगोच्या कथेतील गुहा सालेकसा तालुक्यात, दरेकसा-धनेगावजवळच्या डोंगरात असल्याचे प्रतिपादन केले. ही गुहा म्हणजे कचारगड. आजूबाजूच्या गावांना ती नवी नव्हतीच. नवे होते ते तिला कथेशी जोडणे. त्यांनी मांडलेल्या परंपरेनुसार कली कंकालीची मुले याच गुहेत कोंडली गेली, आणि पारी कुपार लिंगोने हिरासुका पाटालीर या वादकाच्या साहाय्याने त्यांना मुक्त केले. कंगाली यांनी लिंगोदर्शनावर हिंदीत ग्रंथही लिहिला.

पहिल्या वेळी मोजकी माणसे माघी पौर्णिमेला येथे जमली. आज त्याच तिथीला भरणाऱ्या यात्रेत महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण आणि ओडिशा येथून येणाऱ्यांची संख्या लाखांच्या घरात जाते. माघातल्या थंडीत, पिवळे फेटे बांधलेले लोक 'जय सेवा' म्हणत धनेगावकडून रानातली वाट चढतात. यांतले कितीतरी लोक दरेकसा स्थानकावर गाडीतून उतरतात. धान्य वाहून नेण्यासाठी काढलेल्या रेषेने गीतातल्या गुहेकडे माणसे आणावीत, हा योगायोग इतिहासाने जुळवून आणला आहे.

येथे अभ्यासक म्हणून एक प्रश्न टाळता येणार नाही. कचारगड हेच गीतातले ठिकाण, याला पुरावा काय? हिस्लॉपच्या पाठात गुहा धवलगिरीवर आहे आणि काचीकोपा लोहागड ही निसटलेल्या चौघांची आश्रयाची जागा आहे. कचारगडच्या परंपरेत कोंडण्याची गुहाच येथे आहे. 'काचीकोपा' आणि 'कचार' या नावांचा संबंध लावता येतो, पण नुसत्या नादसाम्यावर स्थळनिश्चिती उभी राहत नाही. कागदाच्या कसोटीने पाहिले तर दोन पाठ जुळत नाहीत, हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. ते मान्य न करणारी भक्ती अभ्यासाला उपयोगाची नाही.

परंतु हीच कसोटी आपण इतरत्र कशी वापरतो तेही तपासले पाहिजे. 'मेघदूत' हे काव्य म्हणजे एका अर्थी वाट सांगण्याचेच काव्य आहे. यक्ष मेघाला रामगिरीपासून अलकेपर्यंतचा मार्ग टप्प्याटप्प्याने समजावतो. हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. सरगुज्यातील रामगडाचा पक्षही विद्वानांनी मांडला. वाद झाला, होत राहील. दरम्यान रामटेकला कालिदासाचे स्मारक उभे राहिले, १९९७ मध्ये कालिदासाच्या नावाने संस्कृत विद्यापीठ स्थापन झाले, आणि आपल्या वर्गांतून रामटेकचा उल्लेख करताना आपला आवाज अडखळत नाही. रामटेकच्या बाजूने वाकाटककालीन ताम्रपटातील रामगिरिस्वामींच्या उल्लेखासारखा लेखी आधार आहे, हे खरेच. कचारगडला तसा आधार नाही. पण ज्या परंपरेने आपली स्मृती तांब्यावर नव्हे तर परधानाच्या किंगरीवर सांभाळली, तिच्याकडे ताम्रपट मागणे म्हणजे उत्तर आधीच ठरवून प्रश्न विचारणे आहे. निष्कर्ष दोन्हीकडे सारखा निघावा असे आमचे म्हणणे नाही. प्रश्न सारख्याच गांभीर्याने विचारला जावा, एवढेच म्हणणे आहे.

आणि स्मृतीच्या आधाराने वाट पाहण्याची रीत मराठीला कुठे अपरिचित आहे? महानुभावांची 'स्थानपोथी' आठवावी. चौदाव्या शतकात मुनिव्यास कोठी यांनी श्रीचक्रधर जेथे जेथे राहिले, बसले, चालले त्या स्थानांची नोंद केली: गाव कोणते, देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, दार कोणीकडे, एका स्थानापासून दुसरे किती अंतरावर. लीळा आधी आठवणीत आणि मग ग्रंथात आल्या होत्या. त्या जमिनीवर लावून पाहण्याचे काम 'स्थानपोथी'ने केले. ॲन फेल्डहाउस यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या महाराष्ट्रातील तीर्थयात्रांवरील ग्रंथात दाखवून दिले आहे की प्रदेशाची जाणीव अशा जोडलेल्या स्थानांतून आणि त्यांमधल्या चालण्यातून घडते. चक्रधरांची भ्रमंती आपल्या भंडाऱ्यापर्यंत आली होती. नीळभट्ट भांडारेकार येथलेच. म्हणजे ज्या जुन्या भंडारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला कंगाली आणि ताराम गुहा शोधत गेले, त्याच जिल्ह्याच्या मुख्य गावी मराठीच्या आद्य गद्याने सहा-सात शतकांपूर्वी पाऊल ठेवले होते. एकाला आपण वाङ्मयेतिहास म्हणतो. दुसऱ्याला चळवळ म्हणून बाजूला ठेवतो.

पाठभेदाचा प्रश्नही या प्रकाशात निराळा दिसू लागतो. मौखिक महाकाव्यात स्थळ बदलते, कारण गायक ज्या मुलखात गातो त्या मुलखाचे डोंगर त्यात शिरतात. हिस्लॉपला गीत सांगणाऱ्या गायकाने धवलगिरी म्हटले, कारण महादेव हिमालयात राहतो ही कल्पना तोपर्यंत त्या गीतात उतरली असावी. आदिलाबादच्या परधानाने आपली स्थळे घातली. मूळ स्थळ कोणते, हा प्रश्न अशा वेळी एकट्याने पुरत नाही. कोणत्या पाठात कोणते डोंगर आहेत, कोणत्या कुळाचे लोक कोणत्या वाटेने कोणत्या देवस्थानाला जातात, आणि त्या वाटा एकमेकींना कुठे मिळतात, अशी मांडणी केली तर एक नकाशा हाती येईल. तो करायला नकाशाकार पुरेसा नाही. गोंडी समजणारा, मराठी आणि हिंदी वाचणारा, आणि चालण्याची तयारी असणारा अभ्यासक हवा.

असे अभ्यासक आपल्या वर्गांत बसलेले असतात. देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगावकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींच्या घरी आजी अजून गोंडी बोलते. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख ८४ हजार लोक होते. तरीही ही भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही, आणि मराठीच्या एम.ए.च्या वर्गात तिचा उल्लेख बहुधा लोकसाहित्याच्या प्रकरणातील एका परिच्छेदापुरता होतो. उषाकिरण आत्राम यांच्यासारख्या कवयित्रीच्या लेखनापर्यंत विद्यार्थी पोहोचलाच तर स्वतःच्या हिमतीवर पोहोचतो. किंगरी वाजवून कुळकथा गाणारे परधान कमी होत चालले आहेत. एक गायक गेला की एक वाट मोडते, कारण ती कागदावर नाही, त्याच्या आवाजात आहे.

दरेकसाच्या डोंगराने तीन शोध पाहिले. पहिल्याने चढ मोजला आणि रूळ टाकले. दुसऱ्याने गीत उतरवून घेतले आणि ग्रंथ केला. तिसरा तो ग्रंथ आणि घरची आठवण दोन्ही सोबत घेऊन डोंगर चढला. पहिल्या दोन शोधांत वाट दाखवणारा आणि वाट लिहिणारा ही माणसे वेगळी होती, आणि नाव लिहिणाऱ्याचे राहिले. तिसऱ्या शोधात प्रथमच वाटाड्याने स्वतः लेखणी हाती घेतली. कचारगडचे ऐतिहासिक महत्त्व आमच्या मते येथे आहे. गुहा किती मोठी आणि किती जुनी, या वादात नव्हे. कंगाली-तारामांचे प्रतिपादन तपासावे, त्यातले नादसाम्याचे दुवे काटेकोर कसोटीवर घासावेत, जे टिकणार नाही ते सोडावे. ते करण्याचा अधिकार मात्र त्यालाच, ज्याने आधी ते वाचले आहे आणि ती वाट निदान एकदा पायाखाली घातली आहे. माघी पौर्णिमा दरवर्षी येते, आणि दरेकसाला गाडी थांबते.